आठ अल्टो आणि एक चिठ्ठी : गोव्यात एकाच मॉडेलच्या शर्यतींचं प्रकरण

प्रस्ताव दोन पानांचा होता. पहिल्या पिढीच्या मारुती अल्टो के१० या एकाच मॉडेलच्या आठ गाड्या. ऑक्टोबर ते मार्च या कोरड्या महिन्यांत चार फेऱ्या. इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन सगळं कंपनीतून आलं तसंच. ज्याला जिंकायचं त्यानं हातापायांच्या जोरावर जिंकावं, खिशाच्या नाही. शर्यत डांबरावरची, डावी-उजवी वळणं असलेली, सगळ्या गाड्या एकदम सुटणारी. गोव्यात मातीतल्या मोटोक्रॉसला गर्दी जमते, भर पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंजच्या जीपगाड्या चिखलातून विंचने ओढल्या जातात तेही लोक हौसेनं बघतात. पण इथल्या माणसाच्या ऐपतीत बसेल अशी डांबरी ट्रॅकवरची मोटारींची मालिका नाही. ती सुरू करायची, असं फोंडा आणि डिचोली तालुक्यांतल्या दहा-बारा जणांनी मनावर घेतलं होतं.

त्यात दोन गॅरेजवाले होते, खाणी चालू असताना टिप्पर चालवून पैसा केलेला आणि खाणी बंद पडल्यावर तो हळूहळू घालवलेला एक ट्रकमालक होता, कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतला एक प्रॉडक्शन इंजिनिअर, पर्यटकांना गाड्या देणारा एक रेंट-अ-कॅबवाला, कार्टिंगची सवय असलेली एक दंतवैद्य, आणि उरलेले या सगळ्यांचे भाऊ-भाचे. मला बोलावलं ते हिशेब तपासायला. हिशेब हा त्यातला सोपा भाग निघाला. नावं आणि गावं इथे गाळली आहेत. गोवा लहान आहे, ओळखणारे ओळखतीलच.

गाडी हीच का

गाडी निवडण्यात त्यांनी डोकं वापरलं होतं. आधी सगळ्यांच्या तोंडी स्विफ्ट होती. पण जुन्या स्विफ्टमध्ये १.३ लिटरचं पेट्रोल, १.२ लिटरचं पेट्रोल आणि डिझेल असे तीन प्रकार सापडतात, चांगल्या गाडीची किंमतही अजून टिकून आहे. मारुती ८०० चा विचार भावनेपोटी झाला. १९८३ ते २०१४ एवढ्या लांब काळात बनलेल्या गाडीत कार्बोरेटरवाल्या आणि इंजेक्शनवाल्या अशा दोन पिढ्या एकमेकींत मिसळलेल्या, त्यामुळे आठ गाड्या सारख्या मिळणार कुठून? अल्टो के१० ऑगस्ट २०१० मध्ये आली. ९९८ सीसी, तीन सिलिंडर, ६८ पीएस ताकद, ९० न्यूटन-मीटर टॉर्क. पेट्रोलचं हे एकच इंजिन. पुढे डिस्क, मागे ड्रम. चाकं तेरा इंची, टायर १५५ रुंदीचे.

आणि एक गोष्ट रेंट-अ-कॅबवाल्याच्या लक्षात आली होती. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर ती चालवायची तर तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते, आणि १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या या फेरनोंदणीची फी ६०० रुपयांवरून ५,००० वर गेली आहे. पहिल्या के१० ची पंधरा वर्षं २०२५ पासून भरू लागली. पत्राकाम, टायर, तपासणी आणि फी असा सगळा खर्च करण्यापेक्षा मालक गाडी काढून टाकतो. म्हणजे पुरवठा आत्ताच सुरू होतोय आणि पुढची चार वर्षं चालू राहील. हा मुद्दा वाचला आणि माणसं नुसती हौशी नाहीत हे मला पटलं.

जुन्या गॅरेजवाल्यानं त्यात एक भर घातली : गाडी शक्यतो आतल्या तालुक्यातली घ्यायची, किनाऱ्यावरची नाही. खाऱ्या वाऱ्यात आणि तीन-तीन हजार मिलिमीटर पावसात उभ्या राहिलेल्या गाडीचा रंग वरून बरा दिसतो, पण खालचा पत्रा बोट लावलं की पापडीसारखा सुटतो. रोल केजचे, म्हणजे चालकाला वाचवणाऱ्या नळ्यांच्या पिंजऱ्याचे, पाय याच तळाला वेल्ड करायचे असतात. गाडी उलटली की सगळा भार त्या वेल्डवर. तिथला पत्रा गंजलेला असेल तर केज आहे काय आणि नाही काय.

गाडी मंद आहे, हा आक्षेप भाच्यांपैकी एकानं घेतला. शंभराचा वेग गाठायला तेरा-चौदा सेकंद लावणारी गाडी कोण बघणार? मला उलट वाटतं. मंद गाडीच्या शर्यतीत पुढच्या गाडीच्या आडोशाला राहून वेग मिळवता येतो, ब्रेक लांबून दाबावे लागतात, त्यामुळे ओव्हरटेकला जागा राहते, आणि आपटली तरी माणूस चालत बाहेर येण्याची शक्यता जास्त. इंग्लंडात मिनी गाड्यांची मिनी सेव्हन मालिका १९६६ पासून चालू आहे, आणि ती बघायला कुणी वेगासाठी जात नाही.

नियमपुस्तक एका पानाचं

एकाच मॉडेलच्या शर्यती दोन पद्धतींनी चालतात, आणि प्रस्तावात या दोन्हींची सरमिसळ झाली होती. पहिली पद्धत कंपनीची. भारतात २०१० मध्ये सुरू झालेला फोक्सवॅगनचा पोलो कप असा होता. गाड्या कंपनीच्या, त्यांची देखभालही कंपनीच्या माणसांकडे, चालकानं पैसे भरायचे, हेल्मेट घेऊन यायचं आणि गाडीत बसायचं. पुढे त्याच धर्तीवर व्हेन्टो आणि अमियो आल्या, टोयोटानं इटिऑसची मालिका काही काळ चालवली. या पद्धतीत बरोबरीची हमी असते, पण मालिका कंपनीच्या मार्केटिंग खात्याच्या मर्जीवर जगते. गाडीची विक्री संपली की शर्यतीही संपतात.

दुसरी पद्धत मालकांची. ज्याची गाडी त्यानं आणायची, नियमात बसवायची, शर्यतीनंतर तपासून घ्यायची. अमेरिकेतली स्पेक मियाटा या पद्धतीची सगळ्यांत यशस्वी मालिका म्हणता येईल. माझदाची छोटी दोन आसनी गाडी, हजारोंनी उपलब्ध, नियम जाड पुस्तकाएवढे. या सगळ्या नियमांच्या तळाशी एकच तत्त्व आहे : जे करायला परवानगी दिली आहे असं लिहिलेलं नाही, ते मना आहे.

आमच्या इंजिनिअरनं हे तत्त्व उचललं होतं आणि त्याला वाटत होतं की त्यामुळे एक पान पुरेल. ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल, सीट, हार्नेस (चालकाला सीटशी आवळणारे पट्टे), केज, एकाच बॅचचे टायर आणि ऑइल संपमधली, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यातली, आडवी पट्टी एवढ्यांना परवानगी. (ती पट्टी शोभेची नाही. लांब वळणात तेल एका बाजूला सरकतं, पंप हवा ओढतो आणि बेअरिंग जातं.) बाकी सगळं बंद. चालकासकट किमान वजन ठरवायचं, हलक्या चालकानं गाडीत वजन बोल्ट करायचं. पेट्रोल एकाच पंपावरून, एकाच बॅरलमधून.

ते पान जुन्या गॅरेजवाल्यापुढे ठेवलं. सगळे त्यांना मेस्त्री म्हणतात, मीही म्हणतो. त्यांनी चष्मा लावला, दोनदा वाचलं आणि विचारलं, “यात चोरी कशी करायची ते सांगू?” मग चहा येईपर्यंत त्यांनी सांगितलं ते असं. हेडचा, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाचा, तळ खरवडून थोडा कमी केला की कॉम्प्रेशन वाढतं आणि त्यानं ताकदही. बाहेरून काही दिसत नाही. पातळ गॅस्केटनंही तेच होतं. व्हॉल्व्हच्या बैठकीचे कोन बदलता येतात. पोर्टच्या आतली धार कागदी पॉलिशनं मोडता येते. फ्लायव्हील खरादीवर हलकं करता येतं. ईसीयूत, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या छोट्या संगणकात, दुसरा मॅप (पेट्रोल आणि ठिणगी कधी-किती याचा तक्ता) टाकता येतो आणि शर्यत संपल्यावर घरी बसून जुना परत टाकता येतो. स्प्रिंग कापायची गरजच नाही, बसलेल्या स्प्रिंगा शोधून आणल्या की गाडी आपोआप खाली येते, आणि स्प्रिंग तर कंपनीचीच. शेवटची युक्ती त्यांनी जरा हसून सांगितली, कारण ती चोरी नाहीच : भंगारवाल्याकडून सहा इंजिनं आणायची, मोजायची आणि त्यातलं सगळ्यांत चांगलं बसवायचं. कंपनीतून निघालेली दोन इंजिनंसुद्धा कधी हुबेहूब सारखी नसतात. ज्याच्याकडे सहा इंजिनं घ्यायचे पैसे आहेत, त्याची ‘जशीच्या तशी’ गाडी दुसऱ्याच्या ‘जशीच्या तशी’पेक्षा पुढे पळते.

म्हणजे पाकीट मागच्या दारानं आत आलंच.

यातलं काहीही काल्पनिक नाही. स्पेक मियाटाच्या बाबतीत २०१४ मध्ये, लगुना सेकाला झालेल्या अमेरिकेच्या राष्ट्रीय अंतिम स्पर्धेत, पुढे आलेल्या गाड्यांपैकी अनेक गाड्या बाद झाल्या. सिलिंडर हेडच्या पोर्टमध्ये नियमाबाहेरचं काम निघालं. तिथे हे सापडलं याचं कारण तिथे हेड उघडणारा माणूस होता, त्याला काय बघायचं हे ठाऊक होतं, आणि बाद झालेल्यांपैकी कुणाच्या घरी त्याला जेवायला जायचं नव्हतं.

हेड कोण उघडणार

प्रकरण खरं अडलं ते इथे. प्रस्तावात लिहिलं होतं, “शर्यतीनंतर पहिल्या तीन गाड्यांची तपासणी अनुभवी मेकॅनिककडून.” अनुभवी मेकॅनिक म्हणजे मेस्त्री, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

ते म्हणाले, “भाच्याच्या गाडीचं हेड मी उघडू? आणि काही निघालं, तर गणेश चवथीला बहिणीकडे कुठल्या तोंडानं जाऊ?”

कुणी हसलं नाही, कारण प्रश्न प्रत्येकाचाच होता. दुसऱ्या गॅरेजवाल्यानं तपासायचं तर तो स्वतः गाडी उतरवणार. इंजिनिअरचा मेव्हणा स्पर्धक. ट्रकमालकाच्या टिप्परची कामं वर्षानुवर्षं मेस्त्रींकडे. फोंडा आणि डिचोलीत जो माणूस इंजिन ओळखतो, तो गाडीच्या मालकालाही ओळखतो, आणि बहुतेक वेळा त्याच्या वडिलांनाही. मोठ्या शहरात तपासणीस परका असतो म्हणून नियम चालतो. इथे परका माणूस चेन्नई-कोइंबतूरहून आणावा लागेल. तिथे शर्यतींचा जुना व्यवहार आहे, तपासणीस तयार झालेले आहेत. पण येणं-जाणं, राहणं, मानधन, आणि इंजिन उघडून परत बांधायचा खर्च प्रत्येक फेरीला कोण देणार? जिंकणाऱ्यानं द्यायचा, असं कुणीतरी सुचवलं. मग जिंकायचं कशाला, असं दुसऱ्यानं विचारलं.

सील लावण्याचा मार्ग चर्चेत आला. अमेरिकेत १९८४ मध्ये स्पोर्ट्स रेनॉ या नावानं सुरू झालेली आणि पुढे स्पेक रेसर फोर्ड झालेली मालिका अशीच चालते. इंजिन आणि गिअरबॉक्स सीलबंद येतात, सील तुटलं की गाडी बाद. उपाय चोख आहे, पण सील लावणारी एक मध्यवर्ती यंत्रणा लागते आणि बिघडलेल्या इंजिनाच्या जागी द्यायला सीलबंद इंजिनांचा साठा लागतो. आठ गाड्यांच्या मालिकेला हा संसार झेपणारा नव्हता. ईसीयू गोळा करून शर्यतीच्या सकाळी चिठ्ठ्या टाकून वाटायचे, ही कल्पना सगळ्यांना आवडली. मॅपची चोरी त्यानं एका फटक्यात संपते. कारण ज्यानं पैसे घालून मॅप बदलला, त्याचा ईसीयू दुसऱ्याच्या गाडीत जाणार.

आणि मग दंतवैद्यबाईंनी विचारलं, “ईसीयूच कशाला? अख्खी गाडीच चिठ्ठी टाकून द्या ना.”

माझ्या मते या प्रकरणातलं सगळ्यांत मोलाचं वाक्य हेच. गाड्या कुणा एकाच्या नकोत. सगळ्यांनी मिळून घ्यायच्या, एकाच गॅरेजमध्ये ठेवायच्या, आणि प्रत्येक हीटच्या (छोट्या शर्यतीच्या) आधी चिठ्ठीनं वाटायच्या. एका दिवसात प्रत्येक चालक प्रत्येक गाडीत बसेल अशा हीट लावायच्या आणि गुणांची बेरीज करायची. एखादी गाडी थोडी मंद निघाली, तर ती सगळ्यांच्याच वाट्याला एकदा येते. हेड उघडायची गरज उरत नाही, कारण चोरी करून फायदा कुणाला? चौथ्या हीटला ती गाडी प्रतिस्पर्ध्याच्या हातात असणार.

कल्पनेला पूर्वज आहेत. १९७३ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या इंटरनॅशनल रेस ऑफ चॅम्पियन्समध्ये वेगवेगळ्या प्रकारांतले विजेते सारख्याच पोर्शा घेऊन उतरले, आणि ती स्पर्धा पुढे गाड्या बदलत २००६ पर्यंत चालली. मे १९८४ मध्ये नव्या न्युर्बुर्गरिंगच्या उद्घाटनाला वीस चालकांना सारख्या मर्सिडीज १९० ई दिल्या होत्या. जगज्जेत्यांच्या त्या रांगेत जिंकला तो तेव्हा नवखा असलेला आयर्टन सेना. ते प्रदर्शन होतं हे खरं. पण सारखी गाडी दिली की काय दिसतं, ते त्यात दिसलं.

आक्षेप लगेच आला आणि तो रास्त होता. स्वतःची नसलेली गाडी माणूस कशी चालवतो, हे रेंट-अ-कॅबवाल्याला कुणी शिकवायची गरज नाही. क्लच जाळून परत दिलेल्या गाड्या, वाळूत रुतवलेल्या, खालून घासून आणलेल्या. तो म्हणाला, “तिसऱ्यातून चौथा टाकायच्या घाईत दुसरा टाकतील. लिमिटर तिथे काही करत नाही, चाकंच इंजिनाला फिरवतात. व्हॉल्व्ह वाकले की खर्च कुणाचा?” हे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. लिमिटर म्हणजे इंजिनाचे फेरे मर्यादेला पोचले की पेट्रोल तोडणारी सोय. वेगात असताना चुकून खालचा गिअर पडला तर इंजिन त्याच्या मर्यादेच्या वर ओढलं जातं आणि पेट्रोल तोडून काही उपयोग नसतो. उपाय त्यानंच दिला, धंद्यातूनच. गाडी देताना आणि घेताना चारही बाजूंचे फोटो, ओबीडी पोर्टला (गाडीच्या तपासणीसाठीच्या प्लगला) इंजिनाचे फेरे नोंदवणारा छोटा रेकॉर्डर, आणि प्रत्येकाची सारखी अनामत. इंजिन जास्त फिरवल्याची नोंद सापडली तर खर्च त्याचा.

पत्र्याच्या पोच्यांचं मात्र जमेना. दोन गाड्या घासल्या तर दोष कुणाचा हे ठरवायला पुन्हा माणूस हवा, म्हणजे पुन्हा चवथ आणि पुन्हा बहीण. शेवटी ठरलं की डेंटिंगचा खर्च दोषाचा विचार न करता सामाईक पेटीतून करायचा. सभ्य चालकावर हा अन्याय आहे आणि आडदांडाला ही सूट आहे. मी तसं लेखी नोंदवलं.

जागा

प्रस्तावात जागेबद्दल दोन ओळी होत्या : “औद्योगिक वसाहतीचा रस्ता रविवारी बंद करून. पर्यायी जागा पाहाव्यात.”

कायद्याचा भाग पहिल्यांदा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८९ प्रमाणे राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक जागी शर्यत लावणं किंवा तीत भाग घेणं गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडल्यास वर्षापर्यंत कैद. पंचायतीनं किंवा वसाहतीच्या संघटनेनं दिलेलं पत्र इथे पुरत नाही. दुसरं, शर्यतींची राष्ट्रीय संस्था एफएमएससीआय. तिची परवानगी आणि चालकांचे परवाने नसतील तर कार्यक्रम अनधिकृत ठरतो आणि परवानाधारक चालक त्यात उतरला तर त्याच्यावर कारवाई होऊ शकते. तिसरं, नेहमीच्या मोटार विम्यातून संघटित शर्यत, वेगचाचणी हे सगळं वगळलेलं असतं. कार्यक्रमाचा विमा वेगळा घ्यावा लागतो. चौथं, केज वेल्ड करून मागची सीट काढलेली गाडी कलम ५२ च्या चौकटीत रस्त्यावर चालवता येत नाही. ती ट्रकवर चढवून न्यायची, हे पहिल्या दिवसापासून धरून चालायचं.

कायदा मान्य केला तरी रविवारचा रस्ता जमत नव्हता. औषध कंपन्या रविवारी बंद नसतात, तिथे अग्निशामक बंबाला वाट मोकळी हवी. दीड किलोमीटरचं वळसेदार वर्तुळ घेतलं तर दोन्ही बाजूंनी मिळून तीन किलोमीटर कठडा लागतो. तीन मीटरचा एक काँक्रीट ठोकळा धरला तर एक हजार ठोकळे, क्रेननं उतरवायचे आणि सोमवारी पहाटेपर्यंत उचलायचे. चेन्नईत आयलंड ग्राउंडभोवतीचा साडेतीन किलोमीटरचा ट्रॅक सरकारी पाठबळ असूनही डिसेंबर २०२३ च्या चक्रीवादळामुळे पुढे ढकलावा लागला आणि शर्यत ऑगस्टअखेर २०२४ ला झाली. हैदराबादला नोव्हेंबर २०२२ मध्ये हुसेनसागरच्या काठावरची पहिली फेरी अपघात आणि उशिरामुळे पुरी होऊ शकली नाही. पाठीशी सरकार आणि कोट्यवधी रुपये असणाऱ्यांची ही कथा. इथे पाठीशी एक ट्रकमालक होता.

धावपट्टीचा विचार एका मिनिटात संपला. चेन्नईजवळचं शोलावरम ही मुळात लष्करी धावपट्टी होती आणि तिथे दशकानुदशकं शर्यती झाल्या, पण दाबोळी नौदलाची आहे आणि मोपा विमानांनी भरलेला.

खाणीच्या जागा ट्रकमालकानं सुचवल्या. सत्तरी-डिचोलीकडे ट्रक उभे करायचे सपाट प्लॉट पडून आहेत. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीज रद्द केल्या आणि मार्चपासून खाणकाम थांबलं, तेव्हापासून त्यातल्या कित्येक जागांच्या हक्काचा घोळ आहे. शिवाय ती लाल माती. त्यावर शर्यत लावता येईल, पण ती ऑटोक्रॉस होईल, डांबराची नाही. सड्यावरची (पठारावरची) कोमुनिदादची, म्हणजे गावकऱ्यांच्या जुन्या सामाईक संस्थेची, जमीन हा शेवटचा पर्याय होता. तिथे गावकऱ्यांची सभा, मग सरकारी मंजुरी, मग ग्रामसभा. आणि सडा नापीक दिसला तरी मोकळा नसतो, गुरं चरतात, पावसात तिथे तऱ्हेतऱ्हेची फुलझाडं येतात. ‘रेस’ हा शब्द ग्रामसभेत उच्चारला की लोकांच्या डोळ्यांसमोर रात्री पुलावर बाइक उडवणारी पोरं येतात. गोव्यात रस्त्यावर वर्षाला अडीचशेच्या वर माणसं मरतात, त्यामुळे लोकांना दोषही देता येत नाही. “आमच्या मालिकेमुळे तरुण रस्त्यावरच्या शर्यती सोडतील” असं वाक्य निवेदनात होतं. ते मी काढायला लावलं. त्याला आधार नाही, आणि पुढे एखादा अपघात झाला की तेच वाक्य तोंडावर फेकलं जाईल.

उरला तो बाहेरचा ट्रॅक. कोइंबतूरचा कारी मोटर स्पीडवे, साधारण २.१ किलोमीटरचा, फोंड्याहून आठशेच्या आसपास किलोमीटर. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टैचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा, पण आणखी लांब आणि अल्टोसाठी जरा मोठाच. लांब सरळ भागावर ६८ पीएसची गाडी नुसती गुणगुणत राहील. कारीवर वळणं जवळजवळ आहेत. गाड्या न्यायला ट्रक हवेत, आणि या गटाकडे बाकी काही नसलं तरी ट्रक होते.

पैसा

हा भाग थोडक्यात. त्यांच्या अंदाजात गाडी लाखाच्या आसपास, केज-सीट-हार्नेस-अग्निशामक मिळून सव्वा ते दीड लाख, टायर आणि ब्रेकचं काम तीस-चाळीस हजार. आठ गाड्या म्हणजे वीस लाखांच्या पुढे. आकडे मला पटले, पण दोन गोष्टी सुटल्या होत्या. एफआयए या मोटार शर्यतींच्या जागतिक संस्थेची मान्यता असलेल्या सीट आणि हार्नेसची मुदत ठरावीक वर्षांचीच असते. धूळ न बसलेला हार्नेससुद्धा मुदत संपली की तपासणीत बाद. म्हणजे हा एकदाचा खर्च नाही. आणि चालकाचे अग्निरोधक कपडे, बूट, हातमोजे, हेल्मेट, मान सांभाळणारं हॅन्स हे सगळं मान्यतेचं घेतलं तर गाडीच्या किमतीला जाऊन भिडतं. भाच्यांचे चेहरे इथे उतरले. गाडी सामाईक करता येते, चिठ्ठीनं वाटता येते. हेल्मेट ज्याचं त्यालाच घ्यावं लागतं.

काय ठरलं

आठाच्या जागी चार गाड्या. मालकी सामाईक, गाड्या मेस्त्रींच्या गॅरेजमध्ये, चाव्या दंतवैद्यबाईंकडे, कारण त्या कुणाच्याच नात्यात नाहीत. पहिल्या हंगामात गोव्यात शर्यत नाही. इथे फक्त एकेकट्यानं, घड्याळाविरुद्ध, खासगी बंद आवारात, ट्रॅफिक-कोनांच्या मधून, आणि तेही एफएमएससीआयशी संलग्न क्लबाच्या छत्राखाली. चारही गाड्या एकदम सुटायच्या त्या कोइंबतूरला, हंगामात एक-दोन वेळा, ट्रॅक भाड्यानं मिळेल त्या तारखांना.

मी विरोधात एक नोंद केली होती, तीही त्यांनी इतिवृत्तात ठेवली. चार गाड्यांची हीट बघायला कंटाळवाणी असते. सहा तरी हव्यात. पण सहा गाड्यांना तीन ट्रक लागतात आणि ट्रकमालकाकडे चालू स्थितीत दोनच आहेत.

हे लिहीपर्यंत दोन गाड्या घेऊन झाल्या आहेत, एक साखळीची, एक वाळपईकडची. तिसरीचा सौदा म्हापशाला ठरत होता, पण मेस्त्रींनी जॅकवर घेऊन तळाला स्क्रू-ड्रायव्हर लावला आणि तो आरपार गेला. अनामतीची रक्कम अजून ठरलेली नाही. रेंट-अ-कॅबवाला पंचवीस हजार म्हणतो, भाचे दहा म्हणतात, आणि पत्र्याच्या पोच्यांचा नियम एका हंगामानंतर पुन्हा चर्चेला घ्यायचा, एवढ्यावर तूर्त सगळ्यांच्या सह्या आहेत.